चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरची कंपनी प्राध्यापकाने काढावी का, आणि काढल्यास कशी?

शिक्षक_पुणे

नमस्कार. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स विभागात शिकवतो. गेली काही वर्षे माझे पीएच.डी. व एम.टेक.चे विद्यार्थी आणि मी मिळून एक टूल तयार करीत आहोत. चिपचे आरटीएल (सर्किटच्या वर्तनाचे कोडमधील वर्णन) वाचून, वीज वाचावी म्हणून कोणत्या रजिस्टरांचा (मूल्ये साठवणाऱ्या घटकांचा) क्लॉक (ठेका देणारा सिग्नल) केव्हा बंद ठेवता येईल हे ते शोधते आणि तसा बदल केलेले आरटीएल पुन्हा लिहून देते. एकाच क्लॉक सायकलपुरता विचार करणारी अशी सोय व्यावसायिक सिंथेसिस (आरटीएलपासून सर्किट तयार करणाऱ्या) टूलांत पूर्वीपासून आहे. आमचे टूल पुढच्या-मागच्या अनेक सायकलींत त्या मूल्याचा उपयोग होतो की नाही हे पाहते, त्यामुळे अधिक रजिस्टरे हाती लागतात. सार्वजनिक बेंचमार्कांवर परिणाम चांगले आहेत आणि त्यावरचे शोधनिबंधही प्रसिद्ध झाले आहेत.

आता दोन विद्यार्थी कंपनी काढण्याचा आग्रह धरीत आहेत. परदेशातील प्राध्यापकांनी अशा कंपन्या काढल्याचे आपण सर्वजण वाचतो, पण त्यांच्या अनुभवातून आपल्याकडच्या शिक्षकाने नेमके काय घ्यावे, हे मला समजून घ्यायचे आहे. तीन मोठ्या कंपन्यांच्या हाती असलेल्या या बाजारात नव्या टूलला खरोखर जागा आहे का? निबंधातले टूल आणि विकता येईल असे टूल यांत किती अंतर असते? महाविद्यालयाचा हक्क कोठपर्यंत पोहोचतो? आणि मी नोकरी सोडावी का? प्रत्यक्ष या व्यवसायात काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

टेपआउट

सर, मी बरीच वर्षे आधी बंगळुरूत आणि नंतर सॅन होजेत ईडीए (चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) कंपन्यांत काम केले आहे, त्यांतील दोन अगदी लहान होत्या. बाजारात जागा आहे का, या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

जागा आहे, पण ती फार अरुंद आहे. संपूर्ण फ्लो (आरटीएलपासून चिपच्या अंतिम आराखड्यापर्यंतची टूलांची साखळी) सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स (ज्यांनी 2017 मध्ये मेंटॉर ग्राफिक्स घेतली) यांच्याकडे आहे आणि त्यात लहान कंपनीने पडू नये. त्या फ्लोमधील एखादी फट ओळखून नेमकी ती भरणारी कंपनी मात्र टिकते. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाचे प्राध्यापक जेसन काँग यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1998 मध्ये त्यांनी अॅप्लस डिझाइन टेक्नॉलॉजीज काढली, तिचा विषय एफपीजीएपुरता (तयार झाल्यावरही आतले सर्किट बदलता येणाऱ्या चिपपुरता) मर्यादित होता. 2003 मध्ये ती मॅग्मा या ईडीए कंपनीने घेतली. 2006 मध्ये ऑटोईएसएल काढली. सी भाषेतील प्रोग्रामपासून थेट आरटीएल तयार करणारे तिचे ऑटोपायलट हे टूल विद्यापीठातील एक्सपायलट या संशोधनप्रकल्पातून आले होते. 2011 मध्ये एफपीजीए बनवणाऱ्या झायलिंक्सने ती विकत घेतली आणि आज आपले विद्यार्थी आधी विव्हाडो एचएलएस आणि आता विटिस एचएलएस या नावाने जे वापरतात, त्याचे मूळ तेथे आहे. पुढे 2014 मध्ये त्यांच्या सहभागाने सुरू झालेली फाल्कन कम्प्युटिंगही 2020 मध्ये झायलिंक्सकडेच गेली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्राध्यापक प्रित बॅनर्जी यांनी मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधील प्रोग्रामपासून हार्डवेअर तयार करणारी अॅक्सेलचिप 2000 मध्ये काढली होती. तीसुद्धा 2006 मध्ये झायलिंक्सनेच घेतली.

हा योगायोग नाही, असे माझे मत आहे. एफपीजीए बनवणारी कंपनी चिप विकली जावी म्हणून टूल अगदी कमी किमतीत देते, त्यामुळे एफपीजीए वापरणाऱ्या एकेका अभियंत्याला वेगळे टूल विकून मोठा धंदा उभा करणे फार अवघड असते. ज्याला त्या टूलची सर्वांत जास्त किंमत आहे असा ग्राहक शेवटी चिप बनवणाराच ठरतो, आणि असे उत्पादक जगात मोजकेच आहेत. कंपनी काढण्यापूर्वी आपण कोणत्या फटीत उभे आहोत आणि त्या फटीसाठी पैसे कोण मोजणार, हे नावानिशी लिहून काढावे, असे मला वाटते ते यामुळे. आपले टूल मोबाइल किंवा सर्व्हरच्या एएसिक (ठरावीक कामासाठी घडवलेल्या चिप) बनवणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणजे आपले ग्राहक एफपीजीएवाल्यांहून वेगळे आहेत. ही जमेची बाजू आहे, पण त्या वाटेने आधी कोण गेले हेही पाहावे लागेल. 2002 मध्ये सुरू झालेल्या कॅलिप्टोकडे अनेक सायकलींचा विचार करून क्लॉक बंद करणारे पॉवरप्रो हे टूल होते आणि त्याच्या जोडीला, बदलापूर्वीचे व नंतरचे आरटीएल सारखेच वागते हे गणिती रीतीने सिद्ध करणारे स्लेक हे दुसरे टूलही होते. 2015 मध्ये ती कंपनी मेंटॉरमध्ये सामील झाली. दुसऱ्या टूलचे महत्त्व आपण नीट लक्षात घ्यावे. आपण आरटीएलमध्ये बदल करून दिला की व्हेरिफिकेशन (डिझाइन बरोबर आहे का याची तपासणी) करणाऱ्यांचा पहिला प्रश्न विजेविषयी नसतो. कित्येक महिने तपासलेले डिझाइन तुमच्या टूलने बिघडवले नाही याचा पुरावा काय, हे ते विचारतात. तो पुरावा आपल्या टूलने स्वतःच दिला पाहिजे, आणि त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या टूलने तो पडताळता आला पाहिजे.

आता निबंध आणि उत्पादन यांतील अंतराबद्दल.

पहिली अडचण वाचनाचीच येते. आरटीएल ज्या भाषेत लिहितात त्या सिस्टमव्हेरिलॉगच्या आयईईई मानकाची पाने तेराशेहून अधिक आहेत आणि ग्राहकाच्या डिझाइनमध्ये त्यांतील कोणत्याही पानावरची रचना सापडू शकते. बेंचमार्कांवर चालणारा विद्यार्थ्यांचा पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) तेथे पहिल्याच फाइलवर थांबतो. म्हणूनच पुष्कळ ईडीए कंपन्या पार्सर स्वतः लिहीत नाहीत, व्हेरिफिकसारख्या त्याच एका कामाला वाहिलेल्या कंपनीकडून तो लायसन्सवर घेतात. आपणही तेच करावे. त्यासाठी पैसे लागतील, पण तुमच्या विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे त्यात खर्च होऊ नयेत.

दुसरी गोष्ट शोधनिबंधात कोणी विचारत नाही, पण ग्राहक पहिल्या आठवड्यात विचारतो. तेच डिझाइन, तेच टूल, दोन वेगळ्या मशीनवर चालवले, तर उत्तर अक्षरशः तेच यायला हवे. सी++ मध्ये एखादा सेट (संच) पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतील पत्त्यानुसार लावलेला असेल आणि त्या क्रमाने आपण रजिस्टरे निवडत असाल, तर प्रत्येक वेळी पत्ते बदलतात, क्रम बदलतो आणि निकालही बदलतो. दोन्ही निकाल बरोबर असले, तरी ग्राहकाच्या दृष्टीने ते टूल भरवशाचे राहत नाही, कारण काल सुटलेला टायमिंगचा (सिग्नल वेळेत पोहोचण्याचा) प्रश्न आज पुन्हा उभा राहू शकतो. याला लागून आणखी एक अपेक्षा असते: डिझाइनमध्ये एक ओळ बदलली, तर निकालातही तेवढाच बदल व्हावा. टेपआउट (डिझाइन कारखान्याकडे पाठवण्याचा टप्पा) जवळ आलेला असताना एका लहान दुरुस्तीमुळे शेकडो ठिकाणचे क्लॉक गेट (क्लॉक अडवणारी सर्किटे) हलले, तर वीज कितीही वाचत असली तरी ते टूल फ्लोमधून बाहेर काढले जाते.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ग्राहकाचे आरटीएल त्याच्या इमारतीबाहेर जात नाही. आम्ही एका मोठ्या चिप कंपनीत टूलच्या चाचणीसाठी जात असू, तेव्हा फोन आणि लॅपटॉप दाराशी ठेवून आत जावे लागे. टूल त्यांच्याच मशीनवर त्यांचाच अभियंता चालवी. आम्ही शेजारी बसून पडदा पाहत असू. टूल मध्येच बंद पडले, तर लॉग फाइलची प्रत मिळत नसे. त्रुटीची एक ओळ, फाइलमधील ओळक्रमांक आणि मॉड्यूलांची नावे बदलून कागदावर उतरवलेली दोन-तीन वाक्ये एवढेच घेऊन परत यावे लागे. तेवढ्यावरून तोच दोष दाखवणारे लहानसे डिझाइन आपल्या जागेवर बसून रचायचे आणि मग दुरुस्ती करायची. त्या काळात मला पक्के कळले, की त्रुटीचा संदेश नीट लिहिणे हे अल्गोरिदमइतकेच महत्त्वाचे काम आहे. टूल कोणत्या टप्प्यात होते, कोणत्या प्रकारची रचना हाताळत होते, आकडे काय होते, हे सारे ग्राहकाचे गुपित न फोडता एका ओळीत सांगता आले पाहिजे. तुमच्या विद्यार्थ्यांना आजपासूनच याची सवय लावा.

करारपत्र

मी तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या करारांचे काम करतो, त्यामुळे हक्कांच्या प्रश्नापुरते लिहितो.

अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचे हक्क विद्यापीठाला ठेवता येतात आणि विद्यापीठ ते कंपनीला लायसन्स करते, त्यात संशोधकांची स्वतःची कंपनीही आली. आपल्याकडे त्या धर्तीचे विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. परिणामी आपल्या संस्थेचे स्वतःचे बौद्धिक संपदा धोरण आणि निधी देणाऱ्या यंत्रणेच्या मंजुरीपत्रातील अटी हीच आपल्यासाठी खरी कागदपत्रे आहेत. ती दोन्ही शोधून काढून वाचावीत. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या नवउद्योगांसाठी 2019 मध्ये आलेल्या राष्ट्रीय धोरणानुसार, संस्थेच्या सुविधा वापरल्याबद्दल संस्थेने साधारण 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यावा, असे सुचवले आहे. आपल्या महाविद्यालयाने ते धोरण स्वीकारले आहे का, हे प्राचार्यांकडून लेखी घ्यावे.

पेटंटवर फार विसंबू नये. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(के) नुसार केवळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना भारतात पेटंट मिळत नाही. ईडीएमध्ये खरे संरक्षण सोर्स कोडचा कॉपीराइट आणि गुप्तता यांतून मिळते, म्हणून कोडवर ज्या-ज्या विद्यार्थ्याने हात चालवला आहे, अगदी एका सत्रापुरता आलेला एम.टेक.चा विद्यार्थी धरून, त्या प्रत्येकाचे हक्क-हस्तांतरणपत्र आत्ताच करून घ्यावे. सर्व माणसे संपर्कात असताना हे काम चहाच्या वेळात होते, नाहीतर गुंतवणूकदाराच्या वकिलाने विचारल्यावर परदेशी गेलेल्या माणसाचा पत्ता शोधत बसावे लागते.

दोन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात. महाविद्यालयाला शैक्षणिक योजनेतून मिळालेली व्यावसायिक टूले कंपनीच्या कामासाठी वापरता येत नाहीत, आणि बहुतेक लायसन्स करारांत त्या टूलांशी केलेल्या तुलनेचे आकडे प्रसिद्ध करण्यालाही मनाई असते. गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडवर असा आकडा टाकण्यापूर्वी करार उघडून पाहावा. तसेच टूलच्या आत कोणते मुक्त सॉफ्टवेअर आहे, याची यादी करावी. सिंथेसिससाठीची बर्कलेचे एबीसी व योसिस किंवा कंपायलरांसाठीचे एलएलव्हीएम यांच्या परवान्यांमुळे सहसा अडचण येत नाही. जीपीएल या परवान्याखालील कोड आत मिसळला असेल आणि टूल ग्राहकाला द्यायचे असेल, तर मात्र सोर्स कोड देण्याचे बंधन येते.

रजिस्टर_फाइल

टेपआउट यांनी लिहिलेल्या मुद्द्याला आणखी एका प्राध्यापकाच्या कंपनीचा दाखला जोडतो, कारण त्यातून सरांच्या टूलची एक जमेची बाजू दिसते.

एमआयटीचे प्राध्यापक अरविंद हे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी होते. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. हार्डवेअरचे वर्णन नियमांच्या स्वरूपात करून त्यापासून थेट सर्किट तयार करण्याची कल्पना त्यांच्या गटात विकसित झाली. ती आधी 2000 साली सुरू झालेल्या सँडबर्स्ट या नेटवर्क चिपच्या कंपनीत वापरली गेली आणि 2003 मध्ये त्यातून ब्लूस्पेक ही स्वतंत्र टूल कंपनी निघाली. त्या भाषेत लिहिलेले हार्डवेअर किती नेटके आणि सुरक्षित असते, हे मी स्वतः वापरून पाहिले आहे आणि मला ती भाषा मनापासून आवडते. पण ज्या कंपन्यांत वर्षानुवर्षे व्हेरिलॉगमध्ये लिहिलेले डिझाइन, त्यावर घडलेली माणसे आणि त्याभोवती रचलेल्या स्क्रिप्ट आहेत, त्यांना नवी भाषा शिकायला सांगणे ही मोठी मागणी होती. माझ्या मते ब्लूस्पेकचा प्रसार त्यामुळेच मर्यादित राहिला. जेथे पाटी कोरी होती तेथे मात्र तिने मोठे काम केले: आयआयटी मद्रासचे शक्ती प्रोसेसर ब्लूस्पेकमध्ये लिहिलेले आहेत. 2020 मध्ये तिचा कंपायलर मुक्त करण्यात आला.

सरांचे टूल व्हेरिलॉग घेते आणि व्हेरिलॉगच देते. वापरणाऱ्याला काहीही नवे शिकावे लागत नाही, हे फार मोठे बळ आहे आणि ते कोणत्याही मोहापायी सोडू नये. फक्त बाहेर पडणारे व्हेरिलॉग माणसाला वाचता यायला हवे. सिग्नलची मूळ नावे, मूळ मांडणी आणि टिप्पण्या शाबूत राहिल्या पाहिजेत आणि जेथे बदल झाला तेथे कारण लिहिलेले असले पाहिजे. नुसत्या आकड्यांची निरर्थक नावे असलेली फाइल डिझाइनरपुढे आली, तर तो ती बंद करून ठेवतो.

दुसरे असे, की टूल बनवणाऱ्यांनी स्वतः त्या टूलने एखादी खरी चिप करून पाहावी. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने असे केले आहे. त्यांचा अजित हा प्रोसेसर, जो 2019 मध्ये जाहीर झाला आणि मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात 180 नॅनोमीटरवर तयार झाला, त्यांच्याच गटाच्या अहिर या टूलांच्या साहाय्याने डिझाइन केलेला आहे. आपण मुक्त उपलब्ध असलेला एखादा रिस्क-फाइव्ह (खुल्या आज्ञासंचाचा) प्रोसेसर कोअर घ्यावा, 2020 पासून खुल्या असलेल्या स्कायवॉटर या चिप कारखान्याच्या 130 नॅनोमीटर पीडीकेवर (कारखान्याच्या नियम-माहितीच्या संचावर) तो प्लेसमेंट आणि राउटिंगपर्यंत (घटकांची मांडणी व जोडणीपर्यंत) न्यावा, आणि मगच विजेचे आकडे काढावेत. आरटीएलच्या पातळीवर दिसलेली बचत क्लॉक ट्री (क्लॉक सर्वत्र पोहोचवणारे जाळे) बसल्यावर किती उरते, हे प्रत्येक जाणता ग्राहक विचारतो. एका रजिस्टरसाठी वेगळा क्लॉक गेट टाकला तर गेटचीच वीज बचत खाऊन टाकते, हे आपल्याला माहीत आहेच. ते टूललाही माहीत आहे, असे दिसले पाहिजे. शिवाय डिझाइन आणि पीडीके दोन्ही खुले असल्याने तो निकाल कोणालाही दाखवता येतो आणि कोणालाही स्वतः पडताळता येतो.

शिक्षक_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समतुल्यतेच्या पुराव्याचा भाग आमच्याकडे अपुरा आहे, तो आधी पूर्ण करावा लागेल हे स्पष्ट झाले. हक्क-हस्तांतरणपत्रांचे काम या आठवड्यातच सुरू करतो. आता दोन शंका उरतात. कंपनीचे नेतृत्व कोणी करावे? आणि कंपनी निघाल्यावर विद्यार्थ्यांनी निबंध प्रसिद्ध करणे थांबवावे का? माझ्या विद्यार्थ्यांच्या पदवीला धक्का लागणार असेल, तर मला हा मार्ग नको आहे.

टेपआउट

सर, शेवटच्या वाक्याबद्दल आपल्याविषयी आदर वाटला. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक आणि कंपनीतला वरिष्ठ एकच माणूस असू नये. पदवी पूर्ण होईपर्यंत त्या विद्यार्थ्याला कंपनीचे काम देऊ नये, किंवा समितीत बाहेरचा सहमार्गदर्शक घ्यावा आणि विषय लेखी ठरवावा. निबंध मुळीच थांबवू नयेत. बर्कलेने 1973 मध्ये स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचे टूल आणि पुढे लॉजिक सिंथेसिसची टूले खुली दिली, त्यामुळे उद्योगातील माणसे आणि त्यांचे खरे प्रश्न विद्यापीठात येत राहिले आणि त्याच वातावरणातून पुढच्या कंपन्या निघाल्या. अल्गोरिदमची कल्पना प्रसिद्ध झाल्याने स्पर्धक लगेच पुढे जात नाही. मी वर लिहिलेली पार्सर, स्थिरता आणि त्रुटिसंदेशांची कामे त्याला करावीच लागतात.

नेतृत्वाबद्दल. बर्कलेचे प्राध्यापक आल्बेर्तो सांजोवानी-व्हिन्सेंटेली यांचे नाव केडन्स आणि सिनॉप्सिस या दोन्हींच्या सहसंस्थापकांत घेतले जाते, पण ते प्राध्यापकच राहिले. ज्या एसडीए सिस्टम्समधून 1988 मध्ये ईकॅडशी विलीनीकरण होऊन केडन्स झाली, ती चालवली नॅशनल सेमिकंडक्टरमधून आलेल्या जेम्स सॉलोमन यांनी, आणि सिनॉप्सिस जनरल इलेक्ट्रिकमधून आलेल्या आर्ट डी गूस यांनी. बॅनर्जी यांनी आरंभी अॅक्सेलचिपचे प्रमुखपद स्वतः सांभाळले आणि नंतर ते मुख्य शास्त्रज्ञाच्या भूमिकेत गेले. ऑटोईएसएलमध्ये काँग यांचे विद्यार्थी झिरू झांग सहसंस्थापक होते आणि पुढे ते कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाले, म्हणजे कंपनीत गेल्याने संशोधनाची वाट बंद होत नाही. आपण नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयाच्या लेखी परवानगीने आठवड्यातील ठरावीक वेळ द्यावा, रोजचा कारभार पदवी मिळवलेल्या विद्यार्थ्यांकडे द्यावा आणि विक्रीची भाषा बोलणारा एक अनुभवी माणूस लवकर जोडावा.

बाहेरून घ्यायचा पहिला कर्मचारी मात्र अॅप्लिकेशन इंजिनिअर असावा. ज्याने स्वतः दोन-चार टेपआउट केले आहेत आणि जो ग्राहकाच्या अभियंत्याशेजारी बसून एसडीसी या टायमिंगच्या अटींच्या फाइलमधील चूक शांतपणे दाखवू शकतो, अशी माणसे पुण्यात आणि बंगळुरूत आहेत. आपल्या गटात अल्गोरिदम जाणणारे पुरेसे आहेत; तसा आणखी एक घेण्याचा मोह टाळावा.

पहिल्या चाचणीसाठी ग्राहकाकडून चालू असलेले डिझाइन मागू नये. ज्याचा टेपआउट होऊन सिलिकॉन परत आले आहे आणि ज्याची वीज त्यांनी प्रयोगशाळेत मोजली आहे, असा जुना ब्लॉक (चिपचा भाग) मागावा. त्यावर कोणाची मुदत अडकलेली नसते, खरे आकडे त्यांच्याजवळ असतात, आणि त्यांच्या अभियंत्यांनी हाताने घातलेले क्लॉक गेट आपल्या टूलला स्वतःहून सापडतात का, हे पहिल्याच दिवशी दोघांनाही दिसते. चाचणीची मुदत, यश कशाला म्हणायचे आणि यश मिळाल्यास लायसन्सची रक्कम काय, हे तीनही मुद्दे चाचणी सुरू होण्यापूर्वीच कागदावर घ्यावेत. रक्कम लहान असली तरी चालेल, पण फुकट चाचणी देऊ नये. पैसे मोजलेल्या ग्राहकाचा अभियंता टूलसाठी वेळ काढतो.